अठ्ठेचाळीस तोळे

सगळ्यात आधी मी ते पिस्तूल तराजूवर ठेवलं.
दुसरं काय करणार, सवय.
रिकामं अठ्ठेचाळीस तोळे,
भरल्यावर साडेचोपन्न.
एवढं सोनं कमरेला बांधून म्हापशात फिरलो असतो
तर सुलक्षाने मला वेड्यात काढलं असतं.

पणजीचा कायतान म्हणाला होता,
बत्तीस बोअर, नवीन मॉडेल, तळहातात मावतं,
शर्टाखाली ठेवून विसरून जाशील.
विकणारा काय म्हणतो ते मला कोणी शिकवू नये.
मीही म्हणतो, घालून बघा बाई,
गळ्यात काही आहे हे कळायचंसुद्धा नाही.

भिंग लावलं.
दागिन्याला मारतात तशा कडा मारलेल्या,
कापडात अडकेल असं टोक नाही कुठे.
घडणावळीला नाव ठेवायला जागा नाही.
पण मुठीत दोनच बोटं मावतात.
करंगळी हवेत,
कपबशी धरलेल्या विहिणीसारखी.
आणि स्लाइड मागे खेचताना मनगटं भरून येतात,
लहान जिनसांचा हट्ट मोठा.

रेंजवर पन्नास गोळ्या.
सात हातांवरून ठीक,
पंधरावरून बोडगेश्वराच्या भरवशावर.
तिसाव्या गोळीला अंगठ्याच्या बेचक्यातली कातडी सोलली.
बाबांचं जुनं रिव्हॉल्व्हर उडत नसे इतकं,
जड वस्तू धक्का स्वतःच पिऊन टाकते.
हे काहीच पीत नाही,
सगळं हिशेब करून तुमच्या हातात ठेवतं.
(बाबांनी ते गल्ल्यामागे ठेवलं होतं, बत्तीस वर्षं.
निवडणूक आली की फडक्यात गुंडाळून पोलीस स्टेशनात,
निकाल लागला की परत.
एवढाच त्याचा प्रवास.)

फोंडू शिंप्याने पँटींची कंबर बोटभर सैल करून दिली,
का ते विचारलं नाही.
बुशशर्ट एक नंबर मोठे घेतले.
मग शुक्रवारच्या बाजारात चाचणी:
चोरिसांच्या माळा, मयड्याची केळी,
मधून माणसांची ढकलाढकली.
दोघातिघांची कोपरं नेमकी तिथेच लागली,
एकानेही वळून पाहिलं नाही.
फक्त हरमलच्या मिरच्या विकणारी म्हातारी म्हणाली,
"कंबर धरल्या कितें रे पुता?"
मी गुडघ्यांतून वाकत होतो.

चौथ्या दिवशी पोटाकडच्या बाजूला
तांबूस ठिपका, मोहरीएवढा.
अर्धा खाऱ्या हवेचा, अर्धा माझ्या घामाचा.
सोन्याला हा त्रास नाही.
रोज रात्री तेलाचं बोट, असं वहीत लिहिलं.

वही इथे संपते.

पूर्वी गिऱ्हाईक पायरी चढलं की मी कान बघायचो,
गळा, मनगट.
आता हात बघतो.
हात कुठे आहेत ते.

मे महिन्यात रुझारिन आली, शिवोलीची.
दर मे महिन्यात येते,
नातवांच्या फीपुरतं काहीतरी ठेवून जाते.
दुपारचे अडीच, लाईट गेलेली, पंखा थांबलेला,
दुकानात आम्ही दोघंच.
काउंटरशी उभं राहून
तिने फ्रॉकच्या गळ्यातून आत हात घातला

आणि माझा उजवा हात शर्टाखाली गेला.
सुळकन.
कुठेही न अडकता.
कायतान खरं बोलला होता.

तिने रुमालाची पुरचुंडी बाहेर काढली,
दातांनी गाठ सोडली.
अंगठी. नवऱ्याची, तिची नव्हे.
माझा हात अजून तिथेच.
तिने तो पाहिला.
मग तराजूकडे बघत राहिली.

तीन ग्रॅम आठशे.
मी चार धरले.

तिने पैसे घेतले, मोजले,
आणि पुन्हा मोजले.
एकोणीस वर्षांत पहिल्यांदा.